फुकटचा सल्ला आणि महागडी स्प्रिंग

दिवसातून दोनदाच जेवा आणि प्रत्येक जेवण 55 मिनिटांत आटपा, असे लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित सांगू लागले आणि महाराष्ट्रात घरोघरी वाद पेटला. कल्पना मूळची कै. डॉ. श्रीकांत जिचकारांची. वारंवार खाल्ले की इन्शुलिन वारंवार स्रवते, त्यातून लठ्ठपणा आणि मधुमेह येतो, अशी ही मांडणी. आणि मधुमेहामागून हृदयविकार येतो हे तर सर्वांना ठाऊक आहेच. उलट, ऋजुता दिवेकर थोडे थोडे, दर दोन तासांनी खायला सांगतात. आता कोणाचे ऐकावे?

दीक्षितांना "पुरावा काय?" असे विचारले गेले, ते योग्यच झाले. चीनमध्ये 139 स्थूल व्यक्तींवर केलेला एक प्रयोग 2022 साली प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांनाच बेताचे उष्मांक दिले होते. फक्त आठ तासांच्या आत जेवणाऱ्यांचे वजन इतरांपेक्षा फारसे अधिक घटले नाही. म्हणजे घड्याळापेक्षा ताटाकडे पाहिलेले बरे! आपल्याकडे न्याहारीला पेज पिऊन माणसे नांगराला जात. नांगर गेला, न्याहारी मात्र राहिली. आणि इन्शुलिन घेणाऱ्याने तर आपल्या डॉक्टरांना विचारल्यावाचून जेवण मुळीच चुकवू नये.

परंतु हाच प्रश्न आपण स्प्रिंग घालणाऱ्यांना विचारतो का? रत्नागिरीहून कोल्हापूरला तपासणीस गेलेला माणूस 'ब्लॉकेज' हा शब्द ऐकताच कलमांच्या बागेवर कर्ज काढायला तयार होतो. हृदयविकाराचा झटका आलेला असताना स्टेंट प्राण वाचवते. तेथे वाद नाही, विलंबही नको. पण दुखणे स्थिर असेल तर? 5179 रुग्णांची 'इस्केमिया' पाहणी 2020 साली प्रसिद्ध झाली. आधी औषधे देऊन पाहिलेल्यांपेक्षा सुरुवातीलाच स्टेंट वा बायपास केलेल्यांत मृत्यू काही कमी झाले नाहीत. छातीतली कळ मात्र कमी झाली, हेही सांगितले पाहिजे.

2017 साली सरकारने औषधयुक्त स्टेंटवर सुमारे 29,600 रुपयांची मर्यादा घातली. त्यापूर्वी ती लाखाच्या घरात विकली जात होती. डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी 78 डॉक्टरांना बोलते केले, तेव्हा कमिशनच्या व्यवहाराची कबुली डॉक्टरांच्याच तोंडून बाहेर पडली.

दीक्षितांची व्याख्याने फुकट असतात, म्हणून कट्ट्यावर त्यांची थट्टा करायला आपल्याला हिंमत लागत नाही. पांढऱ्या कोटासमोर बसून "औषधांवर थोडे थांबलो तर काय होईल?" एवढे विचारायला मात्र पदवीधर मुलाचीही जीभ रेटत नाही. त्याचा बाप तर सहीसाठी पेन शोधू लागलेला असतो.