बापूस आणि वडील

गेल्या अंकात हे पान मी देऊ शकलो नाही. त्याबद्दल संपादकांनी सौम्य शब्दांत आणि दोन-तीन वाचकांनी काहीशा कठोर शब्दांत विचारणा केली. कारण असे की, मे महिन्याच्या सुटीत आम्ही तिघे, म्हणजे मी, सौभाग्यवती आणि कन्या, पाच दिवसांकरिता मॉरिशसला जाऊन आलो. ‘सरकारी शाळेचा मुख्याध्यापक आणि परदेशवारी!’ असे सहकाऱ्यांचे म्हणून झालेच आहे. तेव्हा मुक्कामाचा आणि जेवणाचा खर्च नव्हता, हे प्रथमच सांगून टाकतो. तेथे माझा एक जुना मित्र राहतो, आणि त्याचे आमंत्रण तीस वर्षांपासून पडून होते.

या मैत्रीची हकीकत थोडक्यात सांगावयास हवी. १९९२ साली मराठी घेऊन एम. ए. करण्यासाठी मी इंदूरहून पुण्यास गेलो. वसतिगृहातील पहिल्याच सकाळी शेजारच्या खोलीतील विद्यार्थ्यास मी सहज विचारले, “काय करून राहिलास?” त्या एका वाक्यावर वसतिगृहाची पुढे महिनाभर करमणूक झाली. इंदूरच्या मराठी घरांतून जन्मापासून ऐकलेले वाक्य पुण्यात विनोद ठरते, याची मला कल्पना नव्हती. भोजनगृहात माझ्याप्रमाणेच एकटा बसणारा आणखी एक विद्यार्थी होता. तो मॉरिशसहून शिष्यवृत्तीवर आलेला. त्याचे पूर्वज रत्नागिरीकडून तेथील उसाच्या मळ्यांवर गेलेले. त्याच्या मराठीची तर नक्कल करून दाखविणारेही निघाले होते. ज्यांच्या बोलण्याला लोक हसतात अशी दोन माणसे एका मेजावर आली आणि मैत्री झाली. परत गेल्यावर तो तेथील सरकारी शाळेत मराठीचा शिक्षक झाला. पत्रव्यवहार कधी तुटला नाही.

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास लागतात. घड्याळ दीड तास मागे करावे लागते आणि ऋतू तर पुरताच उलटा. मे महिना म्हणजे तेथे हिवाळ्याचे तोंड. इंदूरच्या उन्हातून निघालेल्या आम्हांला मित्राच्या गावी, पठारावरील वाकवा येथे, पहिल्याच रात्री पांघरूण घ्यावे लागले. विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ऊस होता. त्याला तुरे आले होते, आणि मधूनमधून काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसत होते. ही जुनी देवळे आहेत काय, असे मी विचारले. “देवळे नव्हेत, आमच्या पणजोबांची कामगिरी,” मित्र म्हणाला. हे बेट ज्वालामुखीपासून झालेले. जमिनीतील दगड वेचल्याशिवाय लागवड होईना. ते मजुरांनी हातांनी वेचून असे रचून ठेवले. दगड उचलले की खाली सोने सापडेल, असे सांगून माणसांना जहाजावर चढविले, अशी कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात.

मित्राच्या घरी त्याची वृद्ध आई, पत्नी आणि अकरा वर्षांचा मुलगा. घरातले बोलणे क्रिओल भाषेत चालते; शाळेत इंग्रजी आणि फ्रेंच; मराठी हा शाळेतला एक ऐच्छिक विषय. पाहुणे येणार म्हणून मुलाने चार वाक्ये तयार करून ठेवली होती. चहा होताच तो समोर उभा राहिला, हात जोडले आणि म्हणाला, “माझा बापूस शाळेत मराठी शिकवतो.”

“‘बापूस’ म्हणू नये, बाळ,” मी म्हणालो. “‘माझे वडील शिकवतात’ असे म्हणावे.”

तीस वर्षे वर्गात उभे राहिल्याची ही सवय. विचार करण्यापूर्वीच शब्द तोंडातून निघून गेले. मुलाने उरलेली तीन वाक्ये म्हटली नाहीत. त्याने एकवार आजीकडे पाहिले आणि तो आत गेला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, तिचे वर्णन येथे करीत नाही.

पुढले दोन दिवस स्थलदर्शनात गेले. मित्राने रजा काढली आणि मुलाची शाळाही बुडाली. मुख्याध्यापक या नात्याने मला याचा खेद वाटावयास हवा होता. पाम्प्लेमूस येथील उद्यानात परातीएवढ्या पानांची कमळे पाहिली. शामारेलची सप्तरंगी माती पाहिली. छायाचित्रांत ती अधिक रंगीत दिसते, हे माझे प्रामाणिक मत. गंगा तलाव हे डोंगरातील शांत सरोवर, आणि जवळच १०८ फूट उंचीची शंकराची मूर्ती. रस्त्याच्या कडेला गरम दालपुरी मिळते. ती खाऊन, “ही गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी आहे,” असा निर्वाळा सौभाग्यवतींनी दिला आणि आणखी दोन मागविल्या. मुलगा सर्वत्र बरोबर होता. माझ्या कन्येशी तो इंग्रजीत पुष्कळ बोलला. मला सकाळी ‘गुड मॉर्निंग’ म्हणे, तेवढेच.

चौथ्या दिवशी राजधानी पोर्ट लुईस येथील आप्रवासी घाटावर गेलो. गुलामगिरी बंद करणारा ब्रिटिश कायदा १८३३ चा. त्यानंतर मळ्यांना मजुरांची वाण पडली आणि २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर येथे उतरले. हा दिवस आता तेथे सार्वजनिक सुटीचा आहे. घाट वापरात आला तो १८४९ साली. पुढे एकंदर सुमारे साडेचार लाख माणसे करारावर या देशात आली. बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, काही मुंबईहून, आणि त्यांत आपली कोकणची. २००६ साली ‘युनेस्को’ने या घाटाचा जागतिक वारशात समावेश केला. पाहावयास फारसे काही नाही: दगडी भिंती, काही खोल्या आणि १६ पायऱ्या. कन्येने त्या मोजल्या. येथे उतरलेल्या माणसांच्या नोंदी मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. मित्राने आपल्या पूर्वजाची नोंद तेथे पाहिली आहे. नाव कारकुनाच्या कानी जसे पडले तसे लिहिलेले, गावाचे नाव तर ओळखू येत नाही.

पायऱ्यांपाशी उभे असताना मित्र म्हणाला, “‘बापूस’ हा शब्द मी मुलाला शिकवलेला नाही. शाळेत मी ‘वडील’च शिकवतो. तो माझ्या आईचा शब्द. तिला तिच्या आजीकडून मिळाला. इथूनच वर आला असेल.” थोडे थांबून तो म्हणाला, “पुण्यात मला याच शब्दावरून हसत. तू हसला नव्हतास.”

मी काय बोलणार? कोकणातील बोलींत बापासाठी ‘बापूस’ हा शब्द आहे, असे मी एम. ए.च्या उत्तरपत्रिकेत लिहिले होते. त्याचे गुणही घेतले होते.

शेवटच्या संध्याकाळी मित्राच्या आईने गणपतीत म्हणतात ती झाकरीची दोन गाणी म्हटली. आपल्या कोकणातल्या जाखडीचेच हे नाव. गणेशचतुर्थीला त्या देशात सरकारी सुटी असते आणि झाकरी आजही होते. गाण्यातले काही शब्द मावशींना समजत नव्हते, काही मला. गाणी संपल्यावर मी ओसरीवर गेलो. मुलगा एकटाच चेंडूला हवा भरीत बसला होता. त्याच्याजवळ बसून मी विचारले, “काय करून राहिलास रे?”

त्याने चमकून वर पाहिले. “‘करून राहिलास’ नाही,” तो म्हणाला. “‘काय करतोस’ असं म्हणतात. बापूस असंच शिकवतो.” आणि शब्द निघून गेल्यावर जीभ चावली.

“आमच्या इंदुरात असेच म्हणतात,” मी सांगितले. “माझी आई म्हणायची. मला पुण्यात फार हसले होते.”

“मग तुम्ही काय केलं?”

“तुझ्या बापसाजवळ जाऊन बसलो.”

तो बराच वेळ हसला. मग पुण्यातला बापूस कसा होता, काय खात असे, हे त्याने मला मोडक्यातोडक्या मराठीत आणि अडले तेथे इंग्रजीत विचारले, आणि चेंडू तसाच राहिला.

उरलेली तीन वाक्ये त्याने दुसऱ्या दिवशी विमानतळावर म्हटली, हात जोडून, पहिल्यापासून. दुसऱ्या वाक्यात लिंगाची चूक होती. सौभाग्यवती माझ्याकडेच पाहत होत्या.