पावती फाडा आणि गप्प बसा म्हणे!

समाजकार्यासाठी आपल्या हातातलं कसब विकून पैसे उभे करणाऱ्यांवर एक सद्गृहस्थ अलीकडे फार उखडले आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: फोटोवाला, चित्रकार, गवई, डिझायनर यांना दान करायचंच असेल तर त्यांनी खिशात हात घालावा, पावती फाडावी आणि गप्प बसावं. शाळेच्या नावाने फोटो विकणं ही स्वतःची जाहिरात. कला अशी कामाला जुंपणं हा कलेचा अपमान. आणि मुख्य म्हणजे, अशा फुकटेगिरीने अख्ख्या धंद्याचा भाव पडतो. ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या. माना डोलवायला आपल्याकडे कुणी मानधन मागत नाही.

जाहिरातीचं म्हणाल तर देवळाच्या पायरीवर आजोबांचं नाव कोरून घेणारा दाता चालतो, मग फ्रेमच्या मागचा फोटोवाल्याचा शिक्काच का खुपतो? कलेचा अपमान झाल्याचं अजून एकाही कलावंताने कळवलेलं नाही.

भावाच्या मुद्द्यावर मात्र थांबायला हवं, कारण त्यात अर्धं खरं आहे आणि गृहस्थांनी नेमकं दुसरं अर्धं उचललं आहे. भाव पडतो तो फुकट दिल्याने. एखाद्या संस्थेने दहा बाय पाचचा फ्लेक्स एका पोराकडून ‘समाजकार्य आहे बाबा’ म्हणून तसाच करून घेतला, की पुढच्या वर्षी दुसऱ्याने पैसे मागताच त्याला ऐकावं लागतं, ‘मागच्या वेळी तर एक पैसा नाही घेतला!’ ही तक्रार रास्त आहे, आणि ती संस्थेकडे करायची आहे. आपण बोलतोय ते याच्या उलट: काम पुऱ्या दराने विकायचं आणि गल्ला संस्थेला द्यायचा. 8 जुलै 1921 ला मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघांच्या नाटक मंडळ्या एरवी एकमेकींच्या स्पर्धक. तिकिटांचे दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे होते आणि तरी लोक लोटले. पडला का संगीत नाटकाचा भाव? पुढे 1980च्या दशकात डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, तनुजा अशी मंडळी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग घेऊन महाराष्ट्रभर फिरली. त्यातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, आणि त्याच्या व्याजातून पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळू लागलं. प्रेक्षकाने तिकीट काढलं होतं. त्याने नाटक विकत घेतलं, भीक घातली नाही. निळू फुल्यांचा दर त्यानंतर उतरल्याचं कुणाच्या ऐकिवात आहे काय?

     

‘पैसेच द्या ना सरळ’ हा सल्ला पगारदार माणसाचा आहे. एक तारखेला खात्यात रक्कम पडणाऱ्याला तो सुचतो. आमच्या वऱ्हाडातल्या मेडशी गावात लग्नाचं शूटिंग करणारा पोरगा धरा. त्याचा पैसा लग्नसराईत येतो आणि कॅमेऱ्याच्या, ड्रोनच्या हप्त्यात जातो. आषाढी ते कार्तिकी मुहूर्त नाहीत, बॅटऱ्या चार्ज करून ठेवलेल्या आणि फोन गप्प. या दिवसांत त्याच्याकडे पैसे नसतात, वेळ मात्र असतो. आणि दिवाळीत काय होतं? सोयाबीन विकलेलं असतं, पुण्या-मुंबईची लेकरं घरी आलेली असतात, तुळशीचं लग्न लागायचं असतं. आजीला नवं लुगडं नेसवून, नातवंडं मांडीवर देऊन फोटोच्या पडद्यासमोर बसवायला याहून बरी वेळ नाही. नेहमीचा दर लावा, फ्रेम द्या, गल्ला शाळेच्या वाचनालयाला द्या. हजाराची पावती फाडण्यापेक्षा त्याच्या हातून यात जास्त रक्कम उभी राहील असं मला वाटतं. सिद्ध करून दाखव म्हणाल तर माझ्याकडे आकडे नाहीत; गृहस्थांकडेही नव्हते.

खरी अडचण त्यांना दिसलीच नाही. मदतीच्या कार्यक्रमांत खर्चच मदत खाऊन टाकतो: हारतुरे, शाली, पाहुण्यांची गाडी. म्हणून फ्रेम, कागद, प्रिंट यांचा खर्च आधी लिहावा, उरलेली रक्कम संस्थेच्या खात्यात भरावी आणि पावती फोटोवाल्याच्या नावाने घ्यावी. आयकरात फुकट केलेल्या कामाला सवलत नाही. 80जीची मान्यता असलेल्या संस्थेला दिलेल्या पैशाला आहे, तीही जुनी करप्रणाली निवडली असेल तर, आणि रोख दिले तर 2000 रुपयांपर्यंतच. हिशेबाचा कागद दुकानाच्या शटरवर चिकटवावा. तो वाचायला कुणी आलाच, तर त्याचाही फोटो काढावा, पुऱ्या दराने.