पाळीव सरड्याचे पहिले घर : कायद्याची मोजपट्टी आणि पेटीतले ऊन

परदेशी प्रजातींचे प्राणी घरी बाळगणाऱ्यांना त्यांची नोंदणी बंधनकारक करणारे नियम केंद्रीय पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अधिसूचित केले. आधीपासून बाळगलेल्या प्राण्यांच्या नोंदणीसाठी दिलेली सहा महिन्यांची मुदत त्याच वर्षी ऑगस्टच्या अखेरीस संपली. प्राणी कोणाकडे आहे, तो कोठून आला, त्याचा जन्म, मृत्यू वा हस्तांतरण केव्हा झाले, या माहितीवर या नियमांचा भर आहे. परंतु घरात प्रथमच सरडा आणू इच्छिणाऱ्यापुढे याहून आधीचा एक प्रश्न उभा असतो. तो राहणार कोठे? महानगरांतील हौशी मंडळींमध्ये परिचित झालेल्या बिअर्डेड ड्रॅगन या सरड्याच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सोपे नाही.

बिअर्डेड ड्रॅगन हा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागातील सरडा. गळ्याखालची काटेरी त्वचा फुगवून काळी करण्याच्या त्याच्या सवयीवरून त्याला हे नाव पडले. पूर्ण वाढ झालेल्या सरड्याची शेपटीसह लांबी सुमारे ४५ ते ६० सेंटीमीटर भरते आणि नीट सांभाळल्यास तो दहा वर्षांच्या आसपास जगतो. स्वभावाने शांत, दिवसा जागा असणारा आणि हातावर निवांत बसून राहणारा असल्याने युरोप-अमेरिकेत तो लोकप्रिय ठरला. ऑस्ट्रेलियाने आपल्या वन्यजीवांची व्यापारी निर्यात १९६०च्या दशकापासूनच रोखली आहे. त्यामुळे जगभर विकले जाणारे हे सरडे बंदिवासात पैदास झालेले असतात आणि त्यांचे पूर्वज बहुतांशी चोरट्या मार्गानेच त्या देशाबाहेर पडले, असे मानले जाते.

भारतात या विषयाला अनेक कायदे स्पर्श करतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. या दुरुस्तीने साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्टांतील प्रजातींसाठी चौथी अनुसूची निर्माण केली. नोंदणीचे बंधन या अनुसूचीतील प्रजातींना आहे. हिरवी इग्वाना, बॉल पायथन आणि आफ्रिकन ग्रे पोपट हे त्यांतील परिचित प्राणी. आपण घेत असलेल्या सरड्याचे नाव तीत आहे की नाही, हे दुकानदाराच्या शब्दावर न सोडता शास्त्रीय नावावरून पडताळून घेणे केव्हाही श्रेयस्कर. बिअर्डेड ड्रॅगनचे शास्त्रीय नाव पोगोना विटिसेप्स असे आहे. अनुसूचीचा प्रश्न निकालात निघाला तरी जिवंत प्राण्याच्या आयातीसाठी विदेश व्यापार महासंचालनालयाचा परवाना लागतो, ही बाब वेगळीच राहते. थायलंडहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानात कोंबलेले सरडे, साप आणि कासवे मुंबई व चेन्नईच्या विमानतळांवर गेल्या काही वर्षांत वारंवार पकडली गेली आहेत. कागदपत्रांविना मिळणारा स्वस्त सरडा कोणत्या वाटेने आला असेल, याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

येथे एक गैरसमजही दूर करायला हवा. परदेशी सरड्याला एवढी कागदपत्रे लागतात, तर आपल्याकडचा एखादा पाळावा, असे कोणाच्या मनात येऊ शकते. घोरपड किंवा तारा कासव घरात बाळगणे हा मात्र सरळसरळ गुन्हा आहे. हे दोन्ही प्राणी पहिल्या अनुसूचीत आहेत.

मात्र घराच्या प्रश्नावर कायदे जवळपास मौनच बाळगतात. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या ११व्या कलमात, हालचालीला पुरेशी जागा मिळणार नाही इतक्या कमी लांबी, रुंदी वा उंचीच्या पिंजऱ्यात कोणताही प्राणी ठेवणे हा अपराध ठरवला आहे. पहिल्या अपराधाला दंड आहे किमान दहा व कमाल पन्नास रुपये. २०१८च्या पाळीव प्राणी दुकान नियमांनी पिंजरे व देखभालीविषयी अधिक तपशील दिला खरा, परंतु तेथील पाळीव प्राण्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदीर-घुशींच्या जातीचे प्राणी आणि पक्षी यांचीच नावे आहेत. सरपटणाऱ्यांचा उल्लेख नाही. याउलट ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यात असे प्राणी पाळण्यासाठी परवाना तर लागतोच, शिवाय त्यांच्या निवाऱ्याबाबत स्वतंत्र आचारसंहिताही आहे.

लांबी, रुंदी आणि उंचीची मोजपट्टी कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत बऱ्याच अंशी पुरी पडते. त्यांचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करते. सरड्याचे तसे नसते. त्याला उष्णता बाहेरून घ्यावी लागते आणि पुरेशी मिळाली की तिच्यापासून दूर सरकावे लागते. पचन, हालचाल, रोगप्रतिकार, सारे या ये-जा करण्यावर अवलंबून असते. म्हणूनच पूर्ण वाढ झालेल्या एका सरड्यासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी लागते, असे जाणकार सांगतात. पेटीच्या एका टोकाला उष्णतेचा दिवा आणि त्याखाली सपाट दगड वा लाकडाचा ओंडका. या बैठकीच्या पृष्ठभागाचे तापमान ३८ ते ४२ अंश सेल्सिअस असावे. दुसरे टोक २५ अंशांच्या आसपास, थंड. दोन फुटांच्या पेटीत हा फरक राखता येत नाही. सारी पेटी एक तर तापते किंवा गारठते.

तापमान हाताने चाचपून कळत नाही. पेटीच्या काचेवर चिकटवायच्या गोल तबकड्यांचा भरवसा धरता येत नाही. दोन्ही टोकांना अंकीय तापमापक आणि दिव्याला थर्मोस्टॅट जोडणे आवश्यक ठरते. विजेने तापणारे कृत्रिम दगड बाजारात मिळतात. ते मात्र टाळावेत. या सरड्यांना पोटाखालची उष्णता वेळेत जाणवत नाही आणि कातडी भाजेपर्यंत ते तेथेच बसून राहतात.

उष्णतेहूनही अधिक दुर्लक्षिला जाणारा घटक म्हणजे अतिनील प्रकाश, त्यातही यूव्हीबी किरण. हे किरण त्वचेवर पडले म्हणजे शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्याच साहाय्याने अन्नातील कॅल्शियम रक्तात शोषले जाते. किरण मिळाले नाहीत तर शरीर हाडांतूनच कॅल्शियम काढून घेऊ लागते. जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात, पाठीचा कणा वाकतो, किरकोळ धक्क्यानेही हाड मोडते. हा आजार काही महिन्यांत हळूहळू बळावतो. मालकाच्या लक्षात येते तोवर झालेली हानी बहुधा भरून निघत नाही.

‘खिडकीशी ठेवले की ऊन मिळते’ हा समज येथे घातक ठरतो. साध्या काचेतून यूव्हीबी किरण आत येत नाहीत, उष्णता मात्र येते. उन्हात ठेवलेल्या बंद काचपेटीत सरडा तासाभरातही दगावू शकतो. त्यासाठी पेटीच्या लांबीच्या निम्म्याहून अधिक भाग व्यापणारी यूव्हीबी नळी लागते. दिवा आणि सरडा यांच्यामध्ये काच किंवा प्लॅस्टिक असता कामा नये. बारीक जाळीही किरणांचा बराच भाग अडवते. आणखी एक बाब अशी की, ही नळी डोळ्यांना पूर्वीसारखीच उजळ दिसत असतानाही तिचे अतिनील किरण क्षीण होत जातात. म्हणून प्रकारानुसार सहा महिने ते वर्षभरात ती बदलावी लागते. पहिल्या खरेदीच्या वेळी हा आवर्ती खर्च क्वचितच कोणी हिशेबात धरतो.

तळाला पहिल्या वर्षी तरी कोरा कागद किंवा खरखरीत फरशी घालावी. चित्रात वाळू शोभून दिसते, पण पिलू भक्ष्यासोबत ती गिळते आणि आतडे तुंबते. एका पेटीत एकच सरडा ठेवावा. दोघे एकमेकांवर पहुडलेले दिसले तर ते प्रेम नसते, वरचा खालच्याचे ऊन हिरावून घेत असतो.

परदेशी पुस्तकांतील सूचना थंड हवेच्या देशांसाठी लिहिलेल्या असतात. भारतात अडचण पुष्कळदा उलटी येते. मे महिन्यात नागपूर किंवा दिल्लीत घराच्या आतच पारा ४० अंशांवर गेला, तर पेटीचे थंड टोक थंड राहतच नाही. अशा वेळी उष्णतेचा दिवा बंद करून केवळ यूव्हीबी नळी चालू ठेवणे आणि खोली गार राखणे भाग पडते. मुंबई, गोवा वा कोलकात्याच्या पावसाळ्यात हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांवर राहते, तर या प्राण्याला ३० ते ४० टक्के मानवते. दीर्घकाळच्या दमट हवेत त्याला श्वसनाचे विकार जडतात. भारनियमनाचा प्रश्न निराळाच. ज्या गावी दुपारी चार-चार तास वीज जाते, तेथे इन्व्हर्टरची सोय आधी पाहावी लागेल.

आहाराचे तुलनेने सोपे आहे. पिलांना मुख्यतः कीटक, मोठ्यांना मुख्यतः पालेभाजी. शेवग्याचा पाला व लाल भोपळा चालतो, पालक नेहमी देऊ नये. कीटकांवर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. अंगणातले किडे पकडून देण्याचा मोह आवरावा, कारण काजवा खाल्ल्याने हे सरडे मेल्याच्या नोंदी अमेरिकेत आहेत. घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर अधिक सावधगिरी हवी. निरोगी दिसणाऱ्या सरड्याच्या विष्ठेतही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि २०२४ साली अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने अशा संसर्गाच्या एका उद्रेकाचा संबंध बिअर्डेड ड्रॅगनशी जोडला होता. पेटीतील भांडी स्वयंपाकघरात धुऊ नयेत, हात साबणाने धुवावेत.

अनुभवी पालक नवख्याला एकच क्रम सांगतात. आधी पेटी, मग दिवे आणि तापमापक. त्यानंतर आठवडाभर रिकामी पेटी चालवून सकाळ, दुपार व रात्रीच्या तापमानाची नोंद. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आपल्या शहरात आहे का, याची चौकशी याच आठवड्यात करता येते. मोठी शहरे वगळता तो मिळणे कठीण असते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सरडा आधी घरी येतो, खोक्यातून, आणि दुकानदाराने दिलेल्या साध्या पिवळ्या बल्बखाली त्याचे पहिले महिने जातात. दहा रुपयांच्या दंडाची तरतूद असलेल्या कलमात त्या खोक्याची लांबी-रुंदी मोजण्याची सोय आहे. त्यावरच्या बल्बविषयी त्यात एक शब्दही नाही.