सर्व खात्यांना एकच दर?

अभियांत्रिकीच्या वर्गात ‘स्टॅटिक’ शिकवताना बचत खात्याचं उदाहरण हमखास येतं. शिल्लक ज्याची त्याची वेगळी, व्याजदर मात्र सर्वांना सारखा. तेव्हा दर क्लासकडे ठेवा. लाखभर ऑब्जेक्ट झाले तरी दराची प्रत एकच, आणि बदलही एकाच जागी. हा फायदा खरा आहे. तोच आकडा प्रत्येक खात्यात ठेवला, तर एखादं खातं जुन्या दरावरच राहून जाण्याची भीती असते.

तरीही हे उदाहरण मला धोक्याचं वाटतं. २०११ पर्यंत हा दर रिझर्व्ह बँक ठरवत असे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तो साडेतीनवरून चार टक्के झाला. २५ ऑक्टोबर २०११ रोजी मात्र तो ठरवण्याची मोकळीक बँकांना मिळाली. एक लाखापर्यंतच्या शिलकीला बँकेने एकच दर द्यायचा, त्यावरच्या शिलकीला हवं तर वेगळा. ज्या प्रोग्रामने दर ‘स्टॅटिक’ मानला होता, त्याचं गृहीतकच त्या दिवशी डळमळीत झालं. मुळात दर खात्याच्या क्लासचा नव्हताच, तो योजनेचा होता. योजनेचा वेगळा ऑब्जेक्ट करून खात्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं, तर प्रत एकच राहते आणि उद्या दुसरी योजना आली तरी काही मोडत नाही.

बदलत्या स्टॅटिकचं दुसरं दुखणं थ्रेडचं. जावातलं काउंट++ दिसतं एक, पण त्यात वाचणं, वाढवणं आणि परत लिहिणं अशा तीन क्रिया असतात. दोन थ्रेडनी एकाच वेळी जुना आकडा वाचला की एक नोंद हरवते. टेस्टचंही तसंच: आधीच्या टेस्टने ठेवलेला आकडा पुढचीला बाधतो.

म्हणून स्टॅटिक हद्दपार करा, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. कोटलिनने हा शब्द काढला, पण कम्पॅनियन ऑब्जेक्टच्या रूपाने ती सोय ठेवावीच लागली. पाय किंवा इंटिजरची कमाल मर्यादा २१४७४८३६४७ यांसारखे न बदलणारे आकडे क्लासकडेच शोभतात. बदलणारा आकडा तिथे ठेवायचाच असेल, तर तो प्रायव्हेट असावा आणि जावात मोजणीसाठी अ‍ॅटॉमिकलाँग वापरावा.

शिक्षकांना एक विनंती: बचत खात्याचं उदाहरण जरूर द्या, पण २०११ चा तो निर्णयही सांगा, आणि आता दर कुठे ठेवाल, हे विद्यार्थ्यांना विचारा.