जांभईला शिक्षा कशाला?

परवा माझ्या भाचीला वर्गाबाहेर उभं केलं. गुन्हा काय, तर गणिताच्या तासाला लागोपाठ तीन जांभया दिल्या! डायरीत शेरा आला, "वर्गात लक्ष नसते." घरी आजीने तोंडापुढे चुटकी वाजवायला शिकवलं आणि तिचे बाबा म्हणाले, "मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो, खिडकीजवळ बसत जा."

मला राग आला तो दोघांचाही. शाळेचा शिक्षेसाठी, घरच्यांचा या ऑक्सिजनसाठी.

अहो, ही ऑक्सिजनची गोष्ट १९८७ सालीच निकालात निघाली! रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन संशोधकाने विद्यार्थ्यांना कधी शुद्ध ऑक्सिजन दिला, तर कधी जास्त कार्बन डायॉक्साइड असलेली हवा. श्वासाचा वेग वाढला, जांभया मात्र तेवढ्याच राहिल्या. आणि आईच्या पोटातलं बाळसुद्धा जांभई देतं. तिथे कुठली आली खिडकी?

मग जांभई येते कशाला? अँड्र्यू गॅलप म्हणतात, तापलेला मेंदू थंड करायला. २००७च्या त्यांच्या प्रयोगात कपाळावर थंड पट्टी धरली, तर दुसऱ्याचं बघून येणाऱ्या जांभया कमी झाल्या. हे सगळ्यांना पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण जांभई प्रामुख्याने झोप आणि जाग यांच्या सीमेवर येते, यावर फारसा वाद नाही. पॅराशूट घेऊन उडी मारण्याआधी सैनिकही जांभया देतात म्हणे. त्यांना काय कंटाळा आलेला असतो?

आणि दुसऱ्याला बघून आलेली जांभई तर आपल्या हातातच नसते. २००८ साली लंडनच्या संशोधकांनी २९ कुत्र्यांसमोर जांभया दिल्या, त्यातल्या २१ कुत्र्यांनी जांभई परत केली. आता त्यांनाही वर्गाबाहेर काढायचं का?

म्हणजे जांभई देणारं पोर कदाचित जागं राहायचीच धडपड करत असतं, आणि आपण त्यालाच उद्धट ठरवतो. विचारायचंच असेल तर ते झोपेबद्दल विचारा. २०२४ साली राज्य सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ च्या आत भरवू नका असं सांगितलं. आमची भाची सहावीत. तिची शाळा ७ ला भरते, म्हणजे ती साडेपाचला उठते. पाचवीत गेलं की मुलांची झोप कमी होते का हो?

डायरीतल्या शेऱ्याखाली पालकांच्या सहीसाठी जागा असते. तिथे हा प्रश्न लिहून मगच सही कर, असं ताईला सांगितलंय. बघू काय उत्तर येतं ते.

असो. वाचताना जांभई आली असेल तर खुशाल द्या. मी रागावणार नाही.