राबायचे, पण कुणाच्या हुकमाने?

"फुकट राबायचे दिवस गेले ना रं? मग माझ्या नातवाला चिखल उपसायला कशाला नेतोस?"

जुलै २०२१ च्या महापुरानंतर शिवथरहून पोरे घेऊन महाडला सफाईला निघालो, तेव्हा वाडीतल्या एका आजींनी मला असे अडवले. वाचक बंधू-भगिनींनो, आजींचे चुकले नव्हते. त्यांच्या सासऱ्याने वतनाच्या नावाखाली गावाची पडतील ती कामे केली होती. ही बिगार मोडावी म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल मांडले. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने.

मी आजींना अमेरिकेतली गोष्ट सांगितली. तिथे आग विझवायला धावणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक बिनपगारी आहेत. मोठ्या शहरांत पगारी जवान, पण लहान गावांत सुतार, मास्तर, दुकानदार हेच हातचे काम टाकून बंबावर चढतात. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात अशी तुकडी काढली होती. (त्याच शहरात तेव्हा काळी माणसे गुलाम म्हणून राबत होती, हेही विसरू नये.) या तुकड्यांत रीतसर नाव नोंदवावे लागते, शिक्षण घ्यावे लागते आणि बऱ्याच ठिकाणी सभासद मत देऊन आपला प्रमुख निवडतात. बिगाऱ्याला कुणी मत विचारले होते काय?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. लोकशाही ही केवळ राज्यकारभाराची पद्धत नव्हे, ती एकमेकांसोबत जगण्याची रीत आहे, हा त्यांचे गुरू जॉन ड्यूई यांचा विचार त्यांनी पुढे १९३६ च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये घेतला. त्याआधीच, १९२७ च्या मार्चमध्ये, महाडच्या परिषदेसाठी कार्यकर्ते पदरमोड करून गावोगाव फिरले होते. परिषदेला लागणारे पाणीसुद्धा ४० रुपये मोजून विकत घ्यावे लागले होते. ती मेहनतही बिनपगारीच, पण तिला बिगार कोण म्हणेल?

आजींनी हे ऐकून घेतले. "बघते," म्हणाल्या.

२२ जुलैला तळियेत दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरडी आल्या. रस्ते बंद होते. बाहेरची पथके पोचेपर्यंत तळियेत आसपासच्या गावकऱ्यांनीच माती उपसली. महाड शहरात घराघरांत चिखल होता.

तिथे आम्ही एका गटात सामील झालो. पहिल्याच दिवशी म्होरक्याने गटाराची फावडी आमच्या पोरांच्या हातात दिली. धान्याची पाकिटे वाटायला आणि फोटोला दुसरी पोरे. कुणी काही बोलले नाही, सवयीने झाले. मी कारकून माणूस. भांडण जमत नाही, वही जमते. पिशवीतली वही काढली, म्होरक्यासकट सगळ्यांची नावे लिहिली आणि पाळ्या लावल्या. आज गटार, उद्या पाकिटे. कुरकुर झाली. दोघे दुसऱ्या दिवशी फिरकलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्होरक्या गटारात उतरला आणि आजींचा नातू पाकिटे वाटत होता. एका ओट्यावर त्याला आडनाव विचारले. त्याने सांगितले, पाकीट ठेवले आणि पुढच्या घराकडे गेला.

परतल्यावर ती वही आजींना दाखवली. त्यांना वाचता येत नाही. नातवाचे नाव कुठे आहे ते मला बोट ठेवून दाखवायला लावले आणि मग विचारले, "याच्या वर कोण, खाली कोण, तेबी वाच."