क्लायंटचा पासवर्ड ही ठेव आहे

छत्रपती संभाजीनगरातल्या करसल्लागारांच्या छोट्या कार्यालयांत एक एक्सेल फाईल हमखास सापडते. तिच्यात क्लायंटचं नाव, पॅन, आयकराचा पासवर्ड आणि जीएसटीचा पासवर्ड ओळीनं मांडलेले असतात. सेवा केंद्रांत शेतकऱ्यांच्या पासवर्डची वही असते, नेट कॅफेत स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलांची. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे सगळे पासवर्ड कुलूपबंद ठेवणारा प्रोग्राम, वापरा म्हटलं, की ठरावीक आक्षेप पुढे येतात. ते नीट तपासायला हवेत, कारण हे पासवर्ड आपले नाहीत, लोकांनी विश्वासानं आपल्याकडे ठेवलेले आहेत.

पहिला आक्षेप असा, की ओटीपी असताना नुसत्या पासवर्डनं कुणाचं काय बिघडणार? पण कित्येक क्लायंटच्या खात्यावर मोबाईल नंबर कार्यालयाचाच नोंदवलेला असतो. म्हणजे पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही एकाच टेबलावर. शिवाय सगळ्यांना एकाच साच्याचा, नाव आणि पुढे ‘@१२३’ असा पासवर्ड दिला, की एक कळला तरी बाकीचे ओळखता येतात. २०२० मध्ये बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती फुटली. अशा फुटलेल्या याद्या घेऊन चोर तेच ईमेल आणि तेच पासवर्ड दुसऱ्या संकेतस्थळांवर यंत्रानं लावून पाहतात. पासवर्ड पुन्हा वापरणारा माणूस तिथे आयताच सापडतो.

दुसरा आक्षेप डायरीचा. घरी चार खाती असलेल्या आजोबांना कपाटातली डायरी पुरते, हे मान्य. दूरदेशीचा चोर तिथवर पोचत नाही. पण दोनशे क्लायंटच्या कार्यालयात वही हाताळणारे हात अनेक असतात आणि हातानं लिहायचे म्हणून पासवर्ड आखूडच राहतात. वहीला खोटं संकेतस्थळही ओळखता येत नाही. मॅनेजर मात्र पासवर्ड भरण्याआधी पत्ता ताडून पाहतो. आयकर खात्याची हुबेहूब नक्कल समोर आली आणि पत्त्यात एक अक्षर वेगळं असलं, तर तो पासवर्ड पुढे करत नाही. घाईत माणसाची नजर चुकते, ही तपासणी चुकत नाही.

ब्राउझर पासवर्ड लक्षात ठेवतोच, असं काहींचं म्हणणं. सगळे कारकून एकाच विंडोज लॉगिनवर बसत असतील, तर ब्राउझरची ती तिजोरी सगळ्यांचीच होते. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत आत शिरणारे चोरटे प्रोग्राम तर आधी तिथेच हात घालतात. उघडा मॅनेजरही त्यांच्यापुढे पूर्ण सुरक्षित नाही, म्हणून काही मिनिटांत आपोआप बंद होण्याची सोय चालू ठेवावी.

सगळ्यांत वजनदार आक्षेप शेवटचा : सगळं एकाच जागी ठेवलं आणि तीच जागा फुटली तर? २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड मॅनेजरमधून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रती चोरीला गेल्या, हे खरंच आहे. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, संकेतस्थळांचे पत्ते मात्र उघडे होते, आणि ज्यांचा तिजोरी उघडणारा मुख्य पासवर्ड कच्चा होता त्यांना खरा धोका झाला. त्यावरून एकच जागा वाईट, असं ठरत नाही. देवगिरीचा बालेकिल्ला पाहा. खंदक, एकच वाट, पुढे अंधारी नावाचा काळोखा भुयारी मार्ग. वाट एकच असल्यामुळे सारा पहारा तिथे एकवटता येतो. आणि १२९६ च्या वेढ्यात धान्याची म्हणून आणलेली पोती मिठाची निघाली, म्हणून राजा रामदेवरायाला शरण जावं लागलं, असं सांगतात. तेव्हा दार भक्कम हवं आणि साठाही तपासलेला हवा.

म्हणून निवडीची कसोटी अशी : मुख्य पासवर्ड कंपनीकडे जाता कामा नये, पत्त्यांसह सगळी नोंद सांकेतिक हवी, प्रोग्रामचा कोड तज्ज्ञांना तपासायला खुला हवा, आणि आपल्या नोंदी हव्या तेव्हा बाहेर काढता आल्या पाहिजेत. एका संगणकावर काम चालत असेल तर कीपासएक्ससी घ्यावा. तो मोफत आहे आणि त्याची फाईल आपल्याच संगणकात राहते. तिची प्रत दोन पेनड्राइव्हवर ठेवावी, एक कार्यालयाबाहेर, आणि ती उघडते का हे अधूनमधून पाहावं. संगणक आणि फोन दोन्हीकडे हवं असेल तर बिटवॉर्डन. त्याच्या मोफत आवृत्तीतही नोंदींवर मर्यादा नाही.

मुख्य पासवर्ड फाशांनी निवडावा. १९९५ मध्ये अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी मांडलेल्या डाइसवेअर पद्धतीत ७७७६ शब्दांची यादी असते. फासे पडतील ते पाच शब्द घेतले, की शक्यता सुमारे २८ वर अठरा शून्यं इतक्या होतात. अभंगाची किंवा गाण्याची ओळ नको, ती चोरांच्या यादीतही असू शकते. निवडलेला पासवर्ड कागदावर लिहून, पाकीट बंद करून घरच्या विश्वासू माणसाकडे द्यावा, म्हणजे आपल्यामागे काम अडत नाही.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लोकांची माहिती बाळगणाऱ्यावर ती जपण्याची जबाबदारी टाकतो. पण कायद्याची वाट कशाला पाहायची? क्लायंटनं कागदपत्रांसोबत आपला पासवर्ड दिला, तेव्हाच ती जबाबदारी आपण घेतली. नोंदी मॅनेजरमध्ये घाला, जुने पासवर्ड बदला, आणि मग ती एक्सेल फाईल तिच्या सगळ्या प्रतींसह पुसून टाका.